बंबाला पोचा कसा पडला

आमच्या बाल्कनीत एक तांब्याचा बंब आहे. पूर्वी जिथे पाणी तापायचं तिथे सध्या मनीप्लांट राहतो. तोटीच्या चार बोटं वर वाटीएवढा पोचा आहे आणि त्या एका पोच्याचे आमच्या घरात तीन इतिहास आहेत. लेकीला गोष्ट सांगायला बसेपर्यंत मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी सुखात होतो.

मुलांना घरातल्या माणसांच्या गोष्टी सांगाव्यात, त्यांची मुळं घट्ट होतात, असं कुणीतरी बायकोला सांगितलं. बायकोनं ते मला सांगितलं. तोवर आमचं ससा-कासवावर बरं चाललं होतं. कासव जिंकेपर्यंत मीच झोपायचो. पण लेक आता सात वर्षांची आहे. तिनंही फर्मान काढलं, ‘ससा नको. खरी गोष्ट. आपल्या घरातली.’

म्हणून मी पानशेत काढलं. 12 जुलै 1961, बुधवार. माझे बाबा अकरा वर्षांचे, बिऱ्हाड शनिवार पेठेत, नदी हाकेच्या अंतरावर. पानशेतचं पुरतं न झालेलं मातीचं धरण सकाळी फुटलं, ते पाणी खडकवासल्याच्या जुन्या धरणावर आदळलं, तेही फुटलं आणि नदी पेठांमध्ये शिरली. आमची मंडळी पर्वतीकडे पळाली. आणि पळताना माझ्या आजोबांनी दागिन्यांचा डबा नाही, कागदपत्रांची ट्रंक नाही, तर बंब उचलला!

इथे मी हसलो. लहानपणापासून आम्ही सगळे इथे हसत आलो आहोत. लेक हसली नाही.

‘का?’

‘का म्हणजे? घाईत.’

‘सकाळ होती ना? मग बंब पेटलेला असणार. गरम बंब हातात कसा धरला?’

चाळीस वर्षांत हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. ‘उद्या आजोबांना विचार,’ असं म्हणून मी दिवा मालवला. माझी खरी चूक ती.

बाबांना श्रोता मिळाला. सोमवारी गोष्ट सांगताना पाणी गुडघ्याला लागलं होतं, बुधवारी सांगताना ते कमरेला आलं आणि शनिवारी छातीपर्यंत चढलं. लेकीनं बेडरूमच्या दाराच्या चौकटीवर खडूनं तीन रेघा मारल्या आणि पुढे वार लिहिले. पुण्यात काही जुन्या भिंतींवर त्या पुराची रेघ दाखवतात. ती निदान एका जागी असते.

‘आजोबा, तुमचं पाणी वाढतंय,’ ती म्हणाली.

‘अगं, मी अकरा वर्षांचा होतो. माझी छाती म्हणजे मोठ्या माणसाची कंबर,’ बाबा म्हणाले. वकील व्हायचे ते बँकेत कसे गेले, कोण जाणे.

पोचा त्यांच्या मते त्याच दिवशी पडला. गर्दीत बंब ओट्याच्या दगडावर आपटला, तो आवाज अजून त्यांच्या कानात आहे. खातरजमा करायला लेकीनं माझ्या आत्याला फोन लावला. आत्या बाबांहून तीन वर्षांनी मोठी आणि सत्याची भोक्ती.

‘कसला पूर?’ आत्या स्पीकरवरून कडाडली. ‘पोचा चौऱ्याहत्तर साली रंगकामात पडला. जिन्यावरून बंब सोडला कुणी, ते तुझ्या आजोबांना विचार. आणि रिकामा बंब कोण उचलेल गं? त्या दिवशी तो पेटवलाच नव्हता. आईनं देव्हाऱ्यातले सगळे देव त्यात घातले होते. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम, सगळे बंबातून पर्वतीवर गेले.’

‘साफ खोटं!’ बाबा पलंगावरून उठून बसले. ‘देव काकांच्या धोतराच्या सोग्यात होते.’

पंचाहत्तर आणि अठ्ठ्याहत्तर वयाची दोन भावंडं देव नेमके कशात होते यावर पाऊण तास भांडली. बिल येत नाही म्हणून हल्ली लोक फोन ठेवतच नाहीत.

तिसरा इतिहास आईचा. पुराची गोष्ट खरं तर आमच्या घरात सगळ्यांत रंगवून आईच सांगते. ढगांचा रंग, पाण्याचा वास, वाहत आलेला पाळणा, सगळं. पोचा तिच्या मते दोघांच्याही आधीचा, सासूबाईंनी बंब भांडीवालीकडून घेतला तेव्हापासूनचा, म्हणून तो दोन रुपयांनी स्वस्त पडला. लेकीनं बोटांवर हिशेब केला.

‘आजी, तुझं लग्न कधी झालं?’

‘पंचाहत्तर साली.’

‘मग तू तर तिथे नव्हतीसच.’

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. तेवढाच आवाज.

आई माहेरची पाटणची. तिनं पदर खोचला आणि कोयनेचा भूकंप काढला. 11 डिसेंबर 1967, पहाटे चार वाजून गेलेले, ती चौदा वर्षांची. ‘यांच्या पुराला निदान उजेड तरी होता. आम्हाला अंधार आणि हाडं गोठवणारी थंडी.’ फडताळातली भांडी आधी नुसती किणकिणली, मग एकदम खाली आली. तिच्या वडिलांनी चार पोरांना बखोटीला धरून अंगणात काढलं. मोजली तर तीनच. चौथं म्हणून आणलेली ती गुंडाळलेली वाकळ होती आणि धाकटा मामा आत घोरत पडला होता.

‘पुण्यातसुद्धा खिडक्या वाजल्या होत्या,’ बाबांनी हळूच आपला हिस्सा मागितला.

‘खिडक्या!’ आई म्हणाली. त्या एका शब्दात सगळं पुणं आलं.

या गोष्टीत एक जागा आहे. उजाडल्यावर शेजारच्या घराकडे पाहिलं, इथवर आई येते, आणि थांबते. मग तिला काहीतरी काम आठवतं. त्या दिवशी तिला कोथिंबीर निवडायची आठवण झाली. लेकीनं तोंड उघडलं, आजीकडे पाहिलं आणि मिटलं. तिनं प्रश्न न विचारलेला मी पहिल्यांदाच पाहिला. ती जाऊन कोथिंबीर निवडू लागली, म्हणजे चांगली पानं टाकून देऊ लागली. आईनं तिला अडवलं नाही.

मला मात्र तिनं रात्री गाठलं. एक धरण फुटलं म्हणून पूर आला हे ठीक. पण कोयनेचं धरण तर फुटलं नाही, मग भूकंप का? मी सांगितलं की शास्त्रज्ञ त्या भूकंपाचा संबंध धरणाच्या जलाशयाशी जोडतात. साठलेल्या पाण्याचं वजन पडतं, पाणी खडकांच्या भेगांत झिरपतं. ‘म्हणजे दोन्हीकडे धरणच,’ तिनं निकाल दिला. नंतर खडकवासला पुन्हा बांधलं, पानशेतही बांधलं आणि आपल्या नळाला तेच पाणी येतं, हेही मी बोलून गेलो. त्यानंतर दोन दिवस तिनं अंघोळ केली नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

पुढच्या आठवड्यात पालकसभा. बाईंनी मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, ‘घरी सध्या काही अडचण आहे का? ती सांगते, देव बंबात आहेत आणि आजोबा नुसत्या पंचावर पर्वतीला गेले.’ पंचाचा तपशील मलाही नवा होता. आत्याचा दुसरा फोन झालेला दिसत होता.

आणि मग माझी पाळी आली. ‘बाबा, तुझ्या लहानपणी काय झालं?’

मी आठवू लागलो. माझ्या लहानपणी काही बुडालं नाही, काही हललं नाही. दिवे जायचे. पण यायचेही. शेवटी कसाबसा एक दिवस सापडला. 21 सप्टेंबर 1995, गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांबाहेर रांगा लागल्या होत्या. मी दहा वर्षांचा. आईनं अर्धा लिटर दूध देऊन मला पाठवलं. रांग हलेना, ऊन तापलेलं. मी देवळामागच्या पायरीवर बसून सगळं दूध प्यायलो आणि घरी येऊन सांगितलं, ‘प्यायला!’

लेक खदखदून हसली. कौटुंबिक इतिहासात आपलंही पान लागलं म्हणून मी खूश झालो, तोच दारातून आवाज आला.

‘अर्धा लिटर?’

आई उभी होती. ‘अरे, मी अख्ख्या वाड्याला सांगितलं होतं, आमच्या हातचं घेतलं म्हणून. तीस वर्षं सांगतेय!’

दिवाळीत बहीण आली. तिचा चार वर्षांचा मुलगा रात्री झोपेना, म्हणून लेकीनं त्याला गोष्ट सांगायला घेतली. आम्ही बाहेरून ऐकत होतो. पाणी आता पंख्यापर्यंत आलं होतं. बंबात देव होते, वाकळीत मामा होता आणि बंबाला एक हात आजोबांच्या बाबांनी लावला होता, दुसरा आजीनं.

मी बाबांकडे पाहिलं. शास्त्रानुसार इथे त्यांनी उठून बसायला हवं होतं.

‘मी होते ना हो तिथे?’ आईनं विचारलं.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘होतीस की,’ ते म्हणाले. ‘तोटीकडून धरला होतास.’

आत भाचा विचारत होता, ‘आणि मामा? मामा कुठे होता?’

‘तो देवळामागे,’ लेक म्हणाली. ‘दूध पीत बसला होता.’