सही एकाची, रेषा दुसऱ्याची

पेपरातल्या चित्रपट्टीखाली (कॉमिक स्ट्रिपखाली) एकच सही असते, म्हणून ती एकाच माणसाने काढलेली असणार, हा समज काही केल्या जात नाही. जे.जे.तून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींचाही तोच समज असतो. मग कुणी ज्येष्ठ चित्रकाराने विचारलं, 'माझी पट्टी काढशील का? नाव माझंच राहील,' की ती अपमान झाल्यासारखी उठून जातात, नाहीतर दर न ठरवताच हो म्हणतात. दोन्ही चूक. घोस्ट आर्टिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या सहीखाली काढणारा चित्रकार, हा जुना आणि रीतसर पेशा आहे. सही दुसऱ्याची असली तरी बिघडत नाही. कामाची नोंद कुठेच राहिली नाही की बिघडतं.

मिकी माऊसची रोजची पट्टी फ्लॉइड गॉटफ्रेडसन यांनी १९३० पासून १९७५ पर्यंत सांभाळली, आणि सही वॉल्ट डिस्नेंची. अमेरिकन चित्रकार ॲल कॅप आधी हॅम फिशरच्या 'जो पलूका' या पट्टीवर राबला. पुढे स्वतःची 'लिल ॲब्नर' जोरात चालू लागल्यावर त्यानेच फ्रँक फ्रझेटाला हाताशी घेतलं. मुख्य पात्रांचे चेहरे आणि हात मात्र कॅप शक्यतो स्वतः शाईत करायचा. पक्का व्यवहारी माणूस! वाचक चेहरा ओळखतो, मागच्या झाडाकडे कुणी बघत नाही. इंद्रजाल कॉमिक्समधला आपला वेताळ (फँटम) घ्या. चित्रकार साय बॅरी यांच्या काळात पेन्सिलकाम कित्येक वर्षं जॉर्ज ओलेसन करायचे, हे इथे किती चाहत्यांना माहीत आहे?

यात लबाडी कमी, गरज जास्त. आठवड्याला रोजची एक अशा सहा पट्ट्या आणि रविवारचं रंगीत पान, आणि त्याला सुट्टी नाही. रंगीत पान तर कित्येक आठवडे आधी द्यावं लागतं. माणूस आजारी पडला की हात उसना घ्यावाच लागतो. (चार्ल्स शुल्झ यांनी 'पीनट्स' जवळजवळ पन्नास वर्षं एकट्याने काढली. तो अपवाद, नियम नव्हे.)

आता घोस्टचा हात फसतो कुठे? नवा घोस्ट छापलेल्या पेपरवरून शिकतो, ही पहिली चूक. न्यूजप्रिंटवर शाई पसरते, बारीक रेषा जाड होते. तो ती जाड रेषा गिरवतो आणि छापताना ती आणखी फुगते. शिकायचं तर मूळ बोर्डावरून, म्हणजे ज्या जाड कागदावर चित्र काढलं त्यावरून, निदान त्याच्या चांगल्या स्कॅनवरून. मूळ चित्र छपाईच्या दीडपट ते दुप्पट काढतात. दुप्पट काढलेली ०.२ मिमीची रेषा छापताना ०.१ होते आणि तुटते, हे गणित डोक्यात पक्कं हवं.

दुसरी चूक हळूहळू अंगात मुरते. मॉडेल शीट, म्हणजे पात्राची मापं आणि वळणं दाखवणारा नमुन्याचा कागद, बाजूला पडते आणि घोस्ट स्वतःचीच मागच्या आठवड्याची पट्टी समोर ठेवून काढू लागतो. नाक दर आठवड्याला केसभर लांबतं, सहा महिन्यांत पात्र अनोळखी होतं. म्हणून जुन्याच शीटशी पुन्हा पुन्हा ताडून बघायचं. डोक्याच्या किती पट शरीर, कान कुठे चिकटतो, मूठ कशी वळते. समोरचा चेहरा सगळ्यांनाच जमतो. मागून पाऊण वळलेलं डोकं काढायला सांगा, लगेच कळतं.

क्रमही महत्त्वाचा. आधी लेटरिंग, म्हणजे संवादाची अक्षरं, कारण संवादाचा फुगा जागा खातो. मग चौकटी, मग माणसं, मग भरीव काळं, शेवटी खोडरबर आणि चुका झाकायला पांढरा रंग. आधी चित्र काढून फुगा नंतर कोंबला की कुणाचं तरी कपाळ कापलं जातं. आणि लेटरिंग दुसऱ्या हाताचं असलं तर वाचकाला नेमकं कळत नाही, पण काहीतरी खटकतं. टॅब्लेटवर आणखी एक घात: स्टॅबिलायझर (हाताची थरथर काढणारी सोय) खूप वाढवला की रेषा गुळगुळीत होते आणि मूळ चित्रकाराच्या ब्रशचा झटका मरतो. कागदावर काम करणाऱ्यांनी मुंबईच्या जुलैत बोर्ड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा. दमट कागदावर शाई फुटते, वाळायला वेळ लागतो आणि मनगट फिरलं की डाग.

पैशाआधी कागद. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क विकले तरी 'हे मी काढलं' असं सांगण्याचा अधिकार कलम ५७ चित्रकाराकडेच ठेवतं. गुप्तता मागितली तर द्या, पण मुदत घालून: अमुक वर्षांनी पोर्टफोलिओत दाखवायची मोकळीक. दर पट्टीमागे ठरवा, दुरुस्त्या किती फुकट तेही लिहा. तारखेनिशी स्कॅन स्वतःकडे ठेवा. नाहीतर दहा वर्षं काम करून मुलाखतीत दाखवायला काहीच नसतं.

आपल्याकडे 'चिंटू' १९९१ पासून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर अशी दोन नावं घेऊन चालली. वाचकाला दोन नावांनी कधी अपचन झालं नाही, तेव्हा 'वाचक गोंधळतो' ही सबब मला तरी पटत नाही.

मूळ कागद कुणाकडे राहणार तेही सुरुवातीलाच विचारा. पुढे तो विकला गेला तर भाव सहीला मिळतो. डिजिटल कामात लेयर असलेली फाइल, म्हणजे चित्राचे थर वेगवेगळे ठेवलेली, हाच मूळ कागद. तिचा दर वेगळा लावा, आणि नुसत्या ६०० डीपीआय बिटमॅपचा, म्हणजे थर नसलेल्या छपाईच्या सपाट चित्राचा, वेगळा.