नंद्याची कॅसेट आणि ‘बाबा’

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर ज्यांनी गेल्या तीन वर्षांत एकदा तरी बूड टेकलंय, त्यांना नंद्याचं गाणं म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी एवढंच: भावाच्या जुन्या कॅसेटवर ऐकलेल्या एका गाण्याचं नाव नंद्या तीन वर्षं शोधत होता. रविवारी त्याचा निकाल लागला, तो मात्र लिहून ठेवायलाच हवा.

सुरुवात नेहमीप्रमाणे मंदारने केली. कटिंग यायच्या आत फोन बाहेर. “गुणगुण रे, तीन सेकंदांत नाव काढतो.” नंद्याने डोळे मिटून ‘टुडुडुडु टुडुडुडु’ सुरू केलं. मागून बस गेली. मंदारने फोन आणखी उंच धरला, जणू रेंजचाच प्रश्न होता.

“शझाम ॲपला गुणगुणलेलं कळत नाही, मंदार,” अपर्णा म्हणाली. ती व्हायोलिन शिकवते, आणि या विषयात कट्ट्यावर शेवटचा शब्द तिचाच असावा असं माझं प्रामाणिक मत आहे. “ते ठसे जुळवतं. आवाजाच्या आलेखातली ठळक टोकं घ्यायची, कुठलं टोक कुठल्यानंतर किती वेळाने आलं ते मांडायचं, आणि अगदी तेच रेकॉर्डिंग शोधायचं. नंद्याच्या घशाचा ठसा त्यांच्याकडे कुठून असणार?”

“मग गूगलला ऐकवतो!”

“ऐकव. 2020 पासून तिथे गुणगुणून शोधता येतं. तिथे आवाज कुणाचा ते बघत नाहीत, चाल वर-खाली कशी जाते तेवढंच बघतात. पण दहा-पंधरा सेकंद सलग गुणगुणावं लागतं, आणि गाणारा गातो ती ओळ असली तर उत्तम. हे टुडुडुडु म्हणजे पदराची वेलबुट्टी झाली. साडी कुठंय?”

“गाणारा आठवत नाही,” नंद्या म्हणाला.

“मग चहा पी.”

अपर्णाने त्याला पाठकोरा कागद दिला. आपल्या कानांनी नक्की ऐकलंय ते एका बाजूला, ‘असावं बहुतेक’ ते दुसऱ्या बाजूला, आणि तीन वर्षांत इतरांनी डोक्यात घातलेलं सगळं खोडून टाकायचं. तिचा आग्रह असा की हे आधी लिहायचं आणि मगच कुणीतरी सुचवलेली गाणी ऐकायची. दहा गाणी ऐकली की त्यांतली गिटार आपल्या आठवणीत जाऊन बसते आणि ती मुळातलीच वाटायला लागते.

शब्दांवर तर तिचा मुळीच विश्वास नाही. नंद्या इतके दिवस गाण्यात ऐकू आल्यासारखे वाटलेले ‘क्लीन एज’ हे शब्द अवतरण चिन्हांत टाकून शोधत होता. अवतरणात एक अक्षर जरी चुकलं तरी खरं गाणं चाळणीतून बाहेर फेकलं जातं. शिवाय रॉकमध्ये शीर्षक गाण्यात असेलच असं नाही. क्वीनच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त ते दोन शब्द कुठेच येत नाहीत. वाद्यं, त्यांचा क्रम, शेवट कसा होतो, यात माणूस शब्दांपेक्षा कमी चुकतो, असं तिचं म्हणणं.

नंद्याच्या ‘नक्की’ बाजूला एवढंच उरलं: सुरुवातीला यंत्रासारखे थरथरणारे सूर, मग पियानोचे घणाघाती ठोके, मिनिटभर गाणाराच नाही, आणि शेवटी व्हायोलिन, वेग वाढत वाढत एकदम बंद.

“आणि कॅसेट?” शिरीषदादांनी विचारलं.

ही कॅसेट नंद्याच्या मोठ्या भावाची. कव्हरवर त्याच्या अक्षरात ‘बाबा, शेवटी व्हायोलिन’. घरच्यांना वाटलं वडिलांची आहे. तिच्या मागच्या खाचांवर चिकटपट्टी लावून कुणीतरी सत्यनारायणाची कथा टेप केली. गाण्याची शेवटची चाळीस सेकंदं तेवढी वाचली.

मंदारने ती चाळीस सेकंदं वर्षभर ॲपला ऐकवली होती. नाव आलं नाही, तर म्हणे ॲप बिघडलंय.

शिरीषदादांनी आठवडाभर कॅसेट ठेवून घेतली होती. आधी डेकचं हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. मग कंपनीची छापील कॅसेट लावून पाहिली, ती सुरात वाजली. म्हणजे डेक निर्दोष. नंद्याची कॅसेट ट्यूनरवर धरली तर काटा ई आणि एफ या अर्धस्वराच्या अंतरावरच्या सुरांच्या बरोब्बर मधे. ज्या मशीनवर ती टेप झाली तेच जास्त वेगाने धावत होतं, म्हणून नीट डेकवर ती रेंगाळत होती. एक अर्धस्वर म्हणजे वेगात साधारण सहा टक्के, तेव्हा इथे तीन टक्क्यांची तूट. सगळी टोकं सरकलेली, ठसा जुळणार कसा?

“मग ऑडॅसिटी सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो वाढवला?” मंदार.

“टेम्पो वाढवला तर गाणं लवकर संपेल, सूर तिथेच राहील. वेग आणि सूर एकत्र वाढवायचे. तीन टक्के. घे, लाव आता.”

फोनमधून दुरुस्त केलेली ती चाळीस सेकंदं वाजली. आठ-दहा सेकंदांत मंदारच्या फोनवर नाव: ब्रिटिश रॉक बँड द हू, ‘बाबा ओ’रायली’, 1971.

“अरे!” मंदार उठून उभाच राहिला. “हे मी तीन वर्षांपूर्वीच लावलं होतं! नंद्याने नाकारलं!”

हे खरं निघालं. फक्त त्याने कॉन्सर्टमधलं लावलं होतं. स्टुडिओत शेवटी पाहुणा डेव्ह आर्बस व्हायोलिन वाजवतो. मंचावर ती जागा बँडचा गायक रॉजर डाल्ट्रीच्या माउथ ऑर्गनने भरून काढायचे. नंद्या व्हायोलिनची वाट बघत बसला आणि ‘हे नाही’ म्हणाला.

“स्टुडिओतलं का नाही लावलंस?” अपर्णाने विचारलं.

“लाइव्हमध्ये दम असतो.”

“दम होता. पुरावा नव्हता.”

सुरुवातीचे ते थरथरते सूर सिंथेसायझरचे, असं मंदार ठासून सांगत होता. ते लाउरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनचे आहेत, त्यातल्या ‘मरिंबा रिपीट’ सोयीने एकेक सूर आपोआप टकटकत राहतो, हे शिरीषदादांनी शांतपणे सांगितलं. खरा बॉम्ब त्यांनी पुढे टाकला. ओ’रायली हे अमेरिकन संगीतकार टेरी रायलीवरून. आणि बाबा म्हणजे मेहेरबाबा. गाणं लिहिणारा, बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड त्यांचा भक्त.

“अरणगावचे?” नंद्याचा आवाज चिरकला.

त्याची सासुरवाडी नगरची. दर दिवाळीला दौंडमार्गे जाताना तो अरणगावजवळच्या मेहेराबादवरूनच, म्हणजे मेहेरबाबांच्या आश्रमावरूनच जातो.

“बारा वर्षं जावईबापू बाबांच्या दारावरून जातायत,” अपर्णा म्हणाली, “आणि पत्ता विचारतायत शिवाजी पार्कात!”

चहावाला पोरगासुद्धा हसायला लागला. मग नगरच्या सासूबाई निघाल्या, 2019 च्या दिवाळीत बिघडलेली गाडी निघाली, मंदारने अजून न दिलेले टोइंगचे पैसे निघाले. शेवटी स्टुडिओतलं गाणं पहिल्यापासून लावलं. नंद्याने डोळे मिटले, आणि गायक येईपर्यंत खरोखर कुणी बोललं नाही.

संपल्यावर तोच म्हणाला, “आता सत्यनारायणाची कथा सांगणारे गुरुजी कोण, तेही शोधायला हवं.”

मंदारने फोन काढला होता.