फुकटचं म्हणजे भिकारचं?

आमच्या नांदेडच्या झेरॉक्स-डीटीपीवाल्यांत एक मेसेज फिरतोय: 'लिब्रेऑफिससारख्या ओपन सोर्सच्या नादी लागू नका. फुकटचं टिकत नाही, कोड उघडा म्हणून हॅकरचं फावतं, मराठी चालत नाही आणि बिघडलं तर कुणी वाली नाही.' लिब्रेऑफिस म्हणजे वर्ड-एक्सेलची कामं करणारं फुकटचं सॉफ्टवेअर; ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणालाही उघडून बघता, बदलता येतो. मी दुकानात तेच वापरतो, गिऱ्हाइकालाही सुचवतो. म्हणून हे उत्तर.

टिकत नाही? लिब्रेऑफिस 2010 पासून आहे. लग्नाच्या सीड्या आपण ज्या व्हीएलसीवर बघितल्या, तेही ओपन सोर्सच. आणि आपल्या दुकानांतलं 'ओरिजिनल' विंडोज कुठून आलं, ते मला बोलायला लावू नका.

हॅकरचा मुद्दा अगदीच हवेतला नाही. 2024 मध्ये एक्सझेड या ओपन सोर्स प्रोग्रॅममध्ये खरोखरच चोरदरवाजा ठेवलेला निघाला. सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि त्यानं मुळापर्यंत उकरलं. कोड कुलपात असता तर उकरणार काय?

मराठीचं मात्र सविस्तर सांगतो, खरी बोंब तिथंच आहे. कंधारकडचे एक निवृत्त गुरुजी पेनड्राइव्ह घेऊन आले. सोसायटीचे ठराव होते. लिब्रेऑफिसमध्ये उघडले तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. "बघा की ओ, तुमचं फुकटचं!" मी तीच फाइल शेजारच्या मशीनवर वर्डमध्ये उघडली. तिथंही तोच काला. ठराव जुन्या फॉन्टात टाइप केलेले. त्यात इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. मशीनवर फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. फॉन्ट टाकला, दोन्हीकडं ठराव दिसले. युनिकोडात मराठी अक्षरांना स्वतःचे वेगळे नंबर असतात, तिथं ही कटकटच नाही. लिब्रेऑफिसचे तर मेनूसुद्धा मराठीत करता येतात.

राहिला वाली. पैसे भरून घेतलेल्यांपैकी कंपनीला फोन लावलेला एक माणूस दाखवा. सगळे आपल्याच काउंटरवर येतात की.

चुकतो ते आपण, हे सॉफ्टवेअर सुचवणारे. माणूस अर्ज टाइप करायला आलेला असतो आणि आपण त्याला सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्यावर व्याख्यान झोडतो. विंडोज तसंच राहू द्या, वर्डच्या शेजारी लिब्रेऑफिस टाका, एक अर्ज त्याच्याच हातून करून घ्या. मॅक्रोंनी, म्हणजे आतल्या छोट्या प्रोग्रॅमांनी, भरलेल्या एक्सेल शीटवर ज्याचं पोट आहे, त्या कर सल्लागाराला मात्र मीच "सध्या राहू द्या" म्हणतो.

गुरुजी आता नवे ठराव युनिकोडात टाइप करतात. 'ज्ञ' कुठल्या बटनांवर आहे, एवढं विचारायला अजून फोन येतो.