स्कॉलरशिपचा फॉर्म भरताय? आधी चपला बघा

गेल्या सोमवारी मी कोल्हापुरात धाकट्या बहिणीच्या कॉलेजात स्कॉलरशिपच्या खिडकीसमोर उभा होतो आणि आतल्या साहेबांनी मला सांगितलं की तुमच्या वडिलांच्या नावात एक ए जास्त आहे. आण्णांचं नाव दत्तात्रय. आधारवर इंग्रजीत शेवटी ए आहे, उत्पन्नाच्या दाखल्यावर नाही. म्हणजे सिस्टीमच्या दृष्टीनं ही दोन वेगळी माणसं. आण्णा एकसष्टीला आले, आजवर त्यांना पत्ताच नव्हता की ते दोघं आहेत. फॉर्म ऑक्टोबरात भरलेला. चार महिने कॉलेजच्या लॉगिनला नुसता पडून, आणि चार महिन्यांनी त्यातनं हा ए निघाला. कोंबडीचं पिल्लू पण एकवीस दिवसांत निघतंय वो.

तर म्हटलं, एवढा अनुभव गाठीला आलाय तर चार लोकांचं भलं करावं. ज्यांच्या घरातली पोरं यंदा कॉलेजला जाणार आहेत त्यांच्यासाठी ह्या टिपा.

सगळ्यात आधी चप्पल. कोल्हापुरी घालून अजिबात जाऊ नका, महागाची वस्तू आहे, झिजून वाया जाईल. रबरी स्लीपर घ्या. दोन जोड घ्या.

फॉर्म वेळेत भरायचा मूर्खपणा करू नका. आमच्या धाकटीनं पहिल्याच आठवड्यात भरला, हुशार पोरगी, दहावीला पण अशीच घाई करायची. पण शेवटच्या तारखेला मुदतवाढ येते, त्या मुदतवाढीला अजून एक पोरगं होतं, आणि शेवटी पहिल्यानं भरलेला आणि सगळ्यात मागनं भरलेला फॉर्म एकाच गठ्ठ्यात पडतो. फरक एवढाच की पहिल्याला वाट जास्त दिवस बघायला मिळते.

फॉर्म भरायचं सरकारी पोर्टल रात्री दोनला बरं चालतं. गजर लावा.

ओटीपी आला नाही तर घाबरू नका, दुसरा मागवा, म्हणजे पहिला येतो.

कागद २५६ केबीच्या आत बसवायचे असतात हे काय तुम्हाला नव्यानं सांगायला नको. दाखला इतका दाबायचा की त्यावरचा बारकोड काळा डाग दिसला पाहिजे. मग फॉर्म सेंड बॅक होतो, शेरा येतो की कागद स्पष्ट दिसत नाही. मग तुम्ही स्पष्ट स्कॅन करता, तो पोर्टल घेत नाही. ह्या दोन्हीच्या मधी कुठंतरी मोक्ष आहे आणि तो राजारामपुरीतल्या एका झेरॉक्सवाल्याला सापडलाय. फॉर्ममागं दीडशे घेतो, आणि खरं सांगू, ह्या अख्ख्या भानगडीत ज्याला आपलं काम येतंय असा तेवढाच एक माणूस मला भेटला.

उत्पन्नाचा दाखला. त्याला आधी तलाठ्याकडं जायचं (तलाठी म्हणू नका हां, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, नाव लांबलं, भेटायची वेळ तेवढीच). दाखला एका वर्षाचा मिळतो, तीन वर्षांचा पण मिळतो. आम्ही शहाणपणानं तीन वर्षांचा काढला, तर खिडकीत म्हणाले चालू वर्षाचाच आणा. एका वर्षाचा आणला तर म्हणाले, तीन वर्षांचा काढायचा की, दरवर्षीचा ताप वाचला असता. तेच साहेब. तीच खिडकी.

आता खिडकी. हा मुख्य विषय आहे, इथं नीट लक्ष द्या.

खिडकी अकराला उघडते असं लिहिलंय. अकराला पडदा सरकतो, माणूस सव्वा अकराला येतो, मग देवाच्या फोटोला उदबत्ती, मग कॉम्प्युटर चालू, मग कॉम्प्युटर चालू होईपर्यंत चहा. एकला जेवण. तीनला परत उघडते ती चारपर्यंत. काचेवर कागद चिकटवलाय, स्कॉलरशिपची चौकशी खिडकीत करू नये, पोर्टलवर स्टेटस बघावं. पोर्टलवर स्टेटस बघितलं की तिथं येतं, कॉलेजशी संपर्क साधा. म्हणजे स्कॉलरशिपच्या खिडकीत स्कॉलरशिप सोडून काहीही विचारा, पाऊसपाणी विचारा, रंकाळ्याचं पाणी हिरवं का झालं ते विचारा. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीला आहे, एका खेपेला माझा हाफ डे जातो, चारशे रुपये. आजवर नऊ खेपा झाल्या. गुणाकार तुम्ही करा, मला आता त्रास होतो. नवव्या खेपेला मी विचारलं, साहेब, फॉर्म चार महिने तुमच्या लॉगिनला होता, हा ए तवाच दिसला नाही का? म्हणाले, सर्व्हर डाऊन होता. चार महिने? मधी कॉलेजला ग्रेड देणारी नॅकची कमिटी आलेली. ती किती दिवस होती? मग इलेक्शन ड्युटी लागली. आणि हे सगळं माझ्याकडं न बघता, कारण मोबाईलवर कुणाच्या तरी बारशाचा व्हिडिओ चालू होता, आवाज मोठा करून. मागं वीस-पंचवीस पोरं फायली छातीशी धरून उभी. त्यातलं एक पोरगं आजऱ्याकडचं, पहाटेची एसटी धरून आलेलं, त्याला एका वाक्यात परत लावलं, प्रिन्सिपल सरांची सही नाही म्हणून. प्रिन्सिपल सरांची केबिन खिडकीपासून दहा पावलांवर. मी मोजली.

ए दुरुस्त करायचा उपाय पण सांगितला साहेबांनी. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र. बुधवारी आण्णा गावाकडनं आले, पन्नास किलोमीटर, सीबीएस स्टँडला उतरले, धुवट टोपी घालून. उसाला पाणी द्यायची पाळी सोडून. एसटीला पासष्टच्या पुढं अर्धं तिकीट असतंय, आण्णांना अजून चार वर्षं आहेत, ह्या गतीनं स्कॉलरशिप यायच्या आत बसतंय ते. वकिलासमोर बसून त्यांनी लिहून दिलं की मी मीच आहे. सही करताना मला हळूच विचारलं, "बाळा, मी काय चुकलोय का रं?" ए गाळला सेतूत टाईप करणाऱ्या पोरानं, तो चार महिने बघितला नाही साहेबांनी, आणि शपथ कुणी घ्यायची तर आण्णांनी.

कितवी टिप झाली? मी मोजायचं सोडलंय.

खातं. फॉर्मवर तुम्ही कुठलाही खाते नंबर लिहा, डीबीटीचे, म्हणजे सरकारकडनं थेट खात्यात येणारे पैसे तुमच्या आधारला जे खातं जोडलंय तिकडंच जातात. धाकटीचा गेल्या वर्षीचा हॉस्टेलचा निर्वाह भत्ता, पंजाबराव देशमुखांच्या नावाची योजना आहे बघा ती, पोर्टलवर पैसे दिले म्हणून दाखवत होता आणि पासबुकात दमडी नाही. तीन आठवडे बँकेत हेलपाटे. शेवटी कळलं, अकरावीत सिमकार्ड घेताना दुकानदारानं तिचा अंगठा घेऊन मोबाईलवरच एक खातं उघडून ठेवलेलं, आधार तिकडं जोडलेलं. ते सिम कधीच बंद झालं. म्हणजे पैसे आलेत, पण ओटीपी येतो तो बंद नंबरावर. अभिनंदन.

माझ्या रूममेटच्या भावाचं तर अजून सोपं आहे. त्याची अनुसूचित जातीची पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिप, त्यात ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे. साठ पोचले. चाळीस कुठं चहाला थांबलेत माहीत नाही.

हेल्पलाईनला फोन जरूर लावा. ट्यून चांगली आहे.

आता फी. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे, कॅपमधनं, म्हणजे सरकारच्या सामायिक प्रवेश फेरीतनं प्रवेश घेतलेल्या, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आतलं असलेल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के सरकार भरणार. आधी निम्मं होतं. ती बातमी मी धाकटीला फोनवर वाचून दाखवलेली, तिनं खुशीत मैत्रिणींना कटवडा चारला. तर टिप अशी की कटवडा चारू नका. कारण कॉलेज म्हणतं, सरकारचे येतील तेव्हा येतील, आता तुम्ही भरा, आले की परत देतो. नाही भरले तर परीक्षेचा फॉर्म सोडत नाही. आणि उशीर झाला तर लेट फी, दिवसाला पन्नास रुपये. मी पतसंस्थेतनं चाळीस हजार काढले. त्याचं व्याज कुठल्या पोर्टलवर मागायचं ते कुणाला माहीत असलं तर कळवा, २५६ केबीत बसवून देतो.

ते पन्नास रुपये भरून परत येताना दसरा चौकात सिग्नलला थांबलो. समोर शाहू महाराजांचा पुतळा. रोज तिथनं जातो, कधी काय वाटत नाही. त्या दिवशी वाटलं. ह्याच गावात ह्या माणसानं १९०१ ला मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम, एकेका समाजाच्या पोरांची राहायची सोय केली, खेड्यातली पोरं शिकावीत म्हणून. १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिन्याला १ रुपया दंड लावला. आणि आता पोरीला शिकवणाऱ्या आईबापाला दिवसाला पन्नास. वर फी माफीच्या योजनेला नाव कुणाचं? राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. जयंतीला हार घालायला सगळे पुढं असता की वो तुम्ही, फोटोत मान काढून.

बास झाल्या टिपा. मला आता जमत नाही ती थट्टा.

गुरुवारी रात्री धाकटीचा मेसेज आला, "दादा, मी हे वर्ष ड्रॉप घेऊ का, तुझा पगार पण कट होतोय." नऊ पॉइंटर आहे तिला. एका ए पायी ती हे विचारते. साहेब, तुम्हाला लाज कशी वाटत नाही? कशाचा पगार घेता तुम्ही? ती पोरं तुमच्याकडं भीक मागायला येत नाहीत, त्यांच्या हक्काचे पैसे आहेत, सरकारनं मंजूर केलेले, तुम्ही फक्त कागद बघून पुढं पाठवायचा आहे. चूक असेल तर सांगा की, पण ऑक्टोबरात सांगा. फेब्रुवारीत, परीक्षेचा फॉर्म अडवून, वर उपकार केल्यासारखं तोंड करून नाही. आणि ज्या बापानं जन्मात खोटी सही केली नाही त्याला तो तोच आहे अशी शपथ घ्यायला लावता, आणि तो बिचारा विचारतो माझं काय चुकलं.

प्रतिज्ञापत्र अपलोड केलंय. स्टेटस अजून पेंडिंगच, कालपासनं साहेब रजेवर आहेत. एक फॉर्म उघडून, कागद बघून पुढं ढकलायला किती वेळ लागतो ते मी त्या झेरॉक्सवाल्याला विचारलं, पलीकडच्या एका छोट्या कॉलेजचं काम तो बघतो अधनंमधनं. म्हणाला पाच मिनिटं, नेट स्लो असलं तर सात. सोमवारची शिफ्ट बदलून घेतलीय मी. अकराला येतोय. दहावी खेप. उदबत्ती नंतर लावा, आधी तो फॉर्म उघडा.