दोघंही आम्हाला सारखीच!

दुसरं मूल घरात आलं की पहिल्याचं बालपण त्याच दिवशी आटोपून घ्या. सकाळपर्यंत जी साडेतीन वर्षांची 'पिल्लू' होती, ती संध्याकाळी 'ताई' झाली पाहिजे. ताईला अंधाराची भीती वाटत नाही, ताई कडेवर घे म्हणत नाही आणि खेळणं हिसकावलं तर ती हसून देऊन टाकते. ऑस्ट्रियाचे मानसतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांनी अशा पहिल्या मुलाची तुलना पदच्युत राजाशी केली होती. तुम्ही एक पाऊल पुढे जा. पदच्युत राणीलाच नव्या राजाचे लंगोट आणायला पिटाळा.

यातली खरी गंमत वयाच्या हिशेबात आहे. चौथ्या वर्षी ताईला 'एवढी घोडी झालीस तरी कळत नाही' हे ऐकवलेलं असतं. धाकटा चारचा झाला, की मात्र 'अहो, अजून चारच वर्षांचा आहे तो' म्हणायचं. चार म्हणजे नक्की किती, हे मुलांना कळता कामा नये. 'तू मोठी आहेस ना, समजून घे' हे वाक्य तर जपून ठेवाच. ते चौदाव्या वर्षी चालतं, पन्नासाव्याही चालतं.

भांडण झालं तर चौकशीच्या फंदात पडू नका. ज्याचा गळा मोठा, त्याच्या बाजूनं निकाल. (बहुतेक घरांत गळा धाकट्याचाच मोठा असतो. तीन महिन्यांत त्यालाही हा कायदा पाठ होतो.)

शिक्के लवकर मारून टाका. ही अभ्यासू, तो खोडकर. आणि ते पाहुण्यांसमोर, मुलं ऐकत असताना सांगा. जन्मक्रमच स्वभाव ठरवतो, या भरवशावर बसू नका. 2015 साली अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या 20,000 हून अधिक लोकांची माहिती तपासली गेली, तेव्हा स्वभावावर त्याचा परिणाम जवळपास नाहीच असं दिसलं. म्हणजे निसर्ग काही करून देत नाही, घाम आपल्यालाच गाळायचा आहे.

आणि समानतेचं फारच वेड असेल, तर तीही काटेकोर पाळा. ताईला चष्मा लागला? धाकट्यालाही आणा. कोणाला काय हवंय हे विचारत बसण्यापेक्षा ते सोपं पडतं.

शेवटची युक्ती खास आहे. दोघांनाही वेगवेगळं गाठून कानात सांगा, 'खरं तर तूच माझं लाडकं, पण तिकडे बोलू नकोस.' गुपित वर्षानुवर्षं टिकतं, कारण तोवर दोघं एकमेकांशी फारसं बोलतच नसतात. पुढेमागे कुठल्या लग्नाकार्यात शेजारी बसून त्यांनी ताळा जमवलाच आणि जाब विचारायला आले, तर हल्ली नीट ऐकू येत नाही म्हणा. त्या वयात ते सहज खपून जातं.