खोबरेल तेलाने बंपर कायमचा काळा होत नाही

‘पांढुरका पडलेला काळा बंपर खोबरेल तेल नाहीतर डिझेल चोळलं की कायमचा नव्यासारखा होतो,’ असा मेसेज सध्या फिरतोय. काळेपणा येतो हे खरं, पण तो टिकत नाही.

असे बंपर बहुतेक पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचे असतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचा थर खराब होतो, बारीक भेगा पडतात, त्यांवर उजेड विखुरतो आणि प्लास्टिक पांढरट दिसतं. तेल त्या भेगांत भरतं, म्हणून तात्पुरतं काळं दिसतं. आमच्या जुन्या गाडीवर मी करून पाहिलंय. चौथ्या दिवशी बंपरवर धुळीचा चिकट थर होता, बोट फिरवलं की रेघ उठायची. पावसाच्या दोन सरी आल्या आणि पुन्हा तोच राखाडी रंग. डिझेल तर लावूच नका, रबराच्या पट्ट्या त्याने फुगतात.

हीट गनने, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राने, रंग खरंच परततो, पण गन एका जागी जरा जास्त थांबली तर बंपर वाकडा झालाच म्हणून समजा.

त्यापेक्षा शाम्पूने धुवा, पूर्ण वाळवा, तेलकटपणा काढणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मग प्लास्टिकसाठीचं सिरॅमिक कोटिंग, म्हणजे संरक्षक लेप, लावा. आधीचं तेल राहिलं असेल तर कोटिंग धरत नाही.