जुहाला कुठे विसरलात?

‘अरबी बालकथा मुलांना फक्त मोठ्यांचं ऐकायला शिकवतात’ हे अरबी बालकथा आणि कुटुंबाचे संस्कार यांवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. मग अरबी लोककथांतल्या त्या मिश्कील जुहाचं काय करायचं? शेजाऱ्याकडून उसनं आणलेलं भांडं परत करताना तो सोबत एक छोटं भांडं देतो, म्हणे ‘तुमचं भांडं व्यायलं’. शेजारी खुशीत ठेवून घेतो. पुढच्या वेळी जुहा सांगतो, भांडं मेलं! बाप-लेक आणि गाढवाची जी गोष्ट आपण लहानपणी ऐकली, तिच्यातला बाप तिकडे जुहाच असतो. कुणीही गाढवावर बसलं तरी लोक नावं ठेवणारच, हे तो मुलाला बोलून नाही, करून दाखवतो. यात आज्ञापालन कुठे आहे?

या गोष्टी पाहुणचार शिकवतात, हे लेखातलं म्हणणं मात्र मान्य. आलेल्यांच्या जेवणासाठी आपला लाडका घोडा कापणारा हातिम ताई आपल्यालाही नवा नाही. पण एक मुद्दा राहिलाच. छापील गोष्टी बहुतेक प्रमाण अरबीत असतात आणि घरात बोली वेगळी. शारजाला आमच्या शेजारी एक सीरियन कुटुंब होतं. तिथली आजी जुहा सांगायची ती अस्सल घरच्या बोलीत, मधूनच सुनेला टोमणे मारत. नातवंडं खिदळायची. तेच गुळगुळीत चित्रांचं पुस्तक बापाने वाचायला घेतलं की पोरं पसार! कुटुंबाचे संस्कार पुस्तकांच्या यादीत शोधण्याआधी लेखकाने अशा आज्यांना गाठायला हवं होतं.